उत्तरेच्या वाटेवरची आगबोट

आज नकाशा समोर ठेवूनच बसा. युरोपच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लांबलचक, चिरफाळलेली किनारपट्टी दिसेल. हा नॉर्वे. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत सरळ मोजलं तर साधारण साडेसतराशे किलोमीटर. पण आत घुसलेले सगळे फियोर्ड आणि हजारो बेटांचे काठ धरले, तर किनाऱ्याची लांबी लाख किलोमीटरच्या पुढे जाते. रुंदीचं मात्र उलट आहे. एके ठिकाणी फियोर्डच्या टोकापासून स्वीडनची हद्द जेमतेम सहा-सात किलोमीटरवर आहे. म्हणजे हा देश खऱ्या अर्थाने एक किनाराच आहे, मागे थोडे डोंगर लावलेले.

या किनाऱ्यावरून रोज संध्याकाळी बर्गेन नावाच्या बंदरातून एक बोट निघते. चौतीस बंदरं घेत ती सातव्या दिवशी सकाळी रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचते, तिथून उलटी फिरते आणि बाराव्या दिवशी परत बर्गेनला येते. प्रवासी काचेमागे आरामखुर्चीत बसून डोंगर बघतात, कॉफी पितात, एखाद्या गावात तासभर उतरून चर्च बघून येतात. जाहिरातीत याला जगातला सगळ्यात सुंदर समुद्रप्रवास म्हणतात. सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही बोट सौंदर्य दाखवायला सुरू झाली नव्हती. ती टपाल पोचवायला सुरू झाली. आणि सुरुवातीला भल्याभल्या कंपन्यांनी हे काम करायला चक्क नकार दिला होता.

या सेवेचं नाव हुर्टिगरूटेन. अर्थ साधा आहे: 'जलद मार्ग'. आज बारा दिवस लावणाऱ्या बोटीला जलद म्हणताना हसू येईल. पण १८९३ च्या आधीची गोष्ट ऐका, मग हसू येणार नाही.

त्रोनहाइम हे मध्य नॉर्वेतलं मोठं शहर. तिथून वर, सत्तर अंशांच्याही पलीकडे, हामरफेस्ट. या दोन गावांमध्ये एक पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत वेळ जाई, असं सांगतात. पाच महिने! म्हणजे ऑक्टोबरात लिहिलेलं पत्र मार्चात. माणूस आजारी असल्याची बातमी पोचेपर्यंत तो बरा तरी झालेला असायचा किंवा त्याच्या कबरीवरचं बर्फ वितळायला लागलेलं असायचं.

असं का? वाफेची बोट तर केव्हाच आली होती. 'प्रिन्स गुस्ताव' नावाची सरकारी आगबोट १८३८ पासूनच त्रोनहाइमहून उत्तरेकडे जायला लागली होती. अडचण यंत्राची नव्हती, अंधाराची होती. या बोटी उजेडात चालत आणि अंधार पडला की नांगर टाकून उभ्या राहत. आता उत्तर नॉर्वेत अंधार म्हणजे काय, हे लक्षात घ्या. त्रोम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. हामरफेस्टला तर साधारण दोन महिने. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश, बाकी सगळी रात्र. उजेडातच चालायचं ठरवलं तर बोटीने हिवाळाभर चालायचंच नाही, असा त्याचा अर्थ झाला.

बरं, समुद्र गोठतो म्हणून बोटी थांबत असतील, असं वाटेल. तसंही नाही. दक्षिणेकडून येणारा उबदार पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो, त्यामुळे हामरफेस्टचं बंदरही हिवाळ्यात मोकळं राहतं. इतक्या उत्तरेला जगात दुसरीकडे बर्फाचे डोंगर तरंगत असतात. इथे पाणी मोकळं होतं आणि बोटी तयार होत्या. फक्त दिसत नव्हतं. त्रोनहाइमच्या उत्तरेला सगळ्या किनाऱ्यावर मिळून अठ्ठावीस दीपगृहं होती आणि समुद्राचे विश्वासू म्हणावेत असे नकाशे होते दोन. एवढ्या भांडवलावर हजारो खडकांमधून काळोखात बोट हाकायची होती.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना कोकणातली आगबोट आठवत असेल. मुंबईहून गोव्याकडे जाणारी. पावसाळा आला की ती बंद. कारण आपला किनारा पश्चिमेला उघडा आहे आणि नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर येतो. नॉर्वेचं गणित वेगळं आहे. तिथे मुख्य किनाऱ्यासमोर बेटांची आणि खडकांची एक लांब माळ आहे, आणि बराचसा मार्ग त्या माळेच्या आतून जातो. बाहेर अटलांटिक कितीही उसळला तरी आत पाणी पुष्कळ शांत. या आतल्या वाटेनेच व्हायकिंग गेले, मासे वाहणारे गेले. देशाच्या नावाचा अर्थही 'उत्तरेची वाट' असाच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या देशाचं नावच जलमार्गावरून पडलं, त्या देशात पत्र पाच महिने रखडत होतं.

आता ही पत्रं कोणाला हवी होती? इथे माशांची गोष्ट सांगावी लागते, आणि मला ती थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण उत्तर नॉर्वेचा इतिहास म्हणजे निम्मा सुक्या माशांचा इतिहास आहे.

लोफोटेन नावाची बेटं आहेत. दर वर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड माशांचे प्रचंड थवे उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून इथे अंडी घालायला येतात. हजारो कोळी तेवढ्यासाठी जमतात. मासा साफ करायचा, दोन-दोनच्या जोड्या शेपटीला बांधायच्या आणि उघड्यावर लाकडी माचांवर टांगायच्या. मीठ नाही, धूर नाही. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत हवा अशी असते की मासा पूर्ण गोठतही नाही आणि माशाही बसत नाहीत. वाऱ्याने तो वाळून लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आपला बोंबील काठीवर वाळतो तसंच, फक्त तिथे ऊन नाही, थंड वारा आहे.

हा सुका मासा बर्गेनला जायचा. तिथे साधारण १३६० पासून जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाची कोठी होती. ती १७५४ पर्यंत चालली. बंदरावरच्या त्या लाकडी इमारती, ब्रिग्गेन, आजही उभ्या आहेत आणि १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढतात. व्यवहार असा होता: उत्तरेचा कोळी शिडाच्या बोटीतून मासा घेऊन वर्षातून एकदा-दोनदा खाली यायचा आणि धान्य घेऊन परत जायचा. भाव बर्गेनचा व्यापारी सांगणार. कोळ्याला पुढच्या वर्षाचं धान्य उधारीवर मिळणार आणि त्या उधारीत तो अडकलेला राहणार. बाजारात भाव काय चाललाय हे घरी बसून कळायला मार्गच नव्हता. पत्र वेळेत पोचणं म्हणजे काय, हे या कोळ्याच्या बाजूने बघा. ती सोय नव्हती, सौद्यातली ताकद होती.

जाता जाता एक सांगतो. १४३२ च्या सुरुवातीला व्हेनिसचा एक व्यापारी, पिएत्रो क्वेरिनी, जहाज फुटल्यावर वाहत वाहत याच भागातल्या रोस्ट नावाच्या बेटावर लागला. कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना काही महिने सांभाळलं. परत जाताना त्याने सुका मासा बरोबर नेला, आणि आजही उत्तर इटलीत हा मासा मोठ्या आवडीने शिजवतात. रोस्टच्या लोकांना अजून त्याचा अभिमान आहे.

तर मंडळी, १८९१ साली ऑगस्ट क्रिग्समान ग्रान नावाच्या सरकारच्या बोट-सल्लागाराने प्रस्ताव मांडला: त्रोनहाइम ते हामरफेस्ट जलद बोट, बारमाही. आपण सरकारी बाबूंना उठसूट नावं ठेवतो, पण ही कल्पना एका बाबूचीच. किनाऱ्यावर तेव्हा दोन मोठ्या कंपन्या होत्या, एक बर्गेनची, एक त्रोनहाइमची. दोघींनी सांगितलं की हिवाळ्यात, अंधारात, या पाण्यात नियमित वेळापत्रक पाळणं अशक्य आहे. त्यांचं म्हणणं भ्याडपणाचं नव्हतं. बोटी त्यांच्या, खलाशी त्यांचे, आणि खडकावर जहाज आपटलं की काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

हो म्हणाला तो रिचर्ड विथ. जन्म १८४६, त्रोम्सोचा. जहाजाचा कप्तान आणि व्यापारी. वेस्टरोलेन बेटांवरच्या स्टोकमार्कनेस या गावात त्याने १८८१ मध्ये एक छोटी आगबोट कंपनी काढली होती. पुढे तो संसदेवरही निवडून गेला. पण त्याचं खरं काम एका वहीत आहे.

विथ आणि त्याचा वाटाड्या, म्हणजे पायलट, आंदर्स होल्टे, हे दोघं बरीच वर्षं आपल्या फेऱ्यांची बारीक नोंद ठेवत होते. अमुक टोकापासून होकायंत्राची अमुक दिशा, बोटीचा वेग इतका, वेळ इतकी मिनिटं. मग दिशा बदला. मग पुन्हा इतकी मिनिटं. वेग ठाऊक आणि वेळ ठाऊक, की अंतर निघतं. दिशा ठाऊक असली, की आपण कुठे आहोत ते निघतं, बाहेर काही दिसो न दिसो. खरं तर यात नवं काही नाही; दर्यावर्दी शतकानुशतकं असाच अंदाज बांधत आले. पण मोकळ्या समुद्रात अंदाज मैलभर चुकला तरी चालतं. इथे दोन खडकांच्या मधून जायचं असतं. म्हणून नोंद मिनिटाच्या हिशेबाने, पुन्हा पुन्हा तपासून केलेली. विथचं म्हणणं असं, की हे आकडे हाताशी असले तर दिवस काय आणि रात्र काय.

१८ मे १८९३ रोजी सरकारशी करार झाला. आठवड्यातून एक फेरी. उन्हाळ्यात हामरफेस्टपर्यंत, हिवाळ्यात त्रोम्सोपर्यंत. सरकार दर वर्षी मदतीची रक्कम देणार. २ जुलै १८९३, सकाळी साडेआठ वाजता 'वेस्टरोलेन' नावाची बोट त्रोनहाइमहून सुटली. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता ती लोफोटेनच्या स्वोल्वेरला पोचली, वेळापत्रकाच्या अर्धा तास आधी. ५ जुलैच्या पहाटे साडेतीनला हामरफेस्ट. सदुसष्ट तास. जिथे पत्राला तीन आठवडे लागत होते, तिथे तीन दिवससुद्धा नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पुस्तकांमध्ये या पहिल्या फेरीचं फार कौतुक असतं. पण जुलैत तिथे मध्यरात्रीसुद्धा सूर्य असतो! पहाटे साडेतीनला हामरफेस्टच्या धक्क्यावर लख्ख ऊन असणार. त्या फेरीत अंधाराचा प्रश्नच आला नाही. मला विचाराल तर खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली, आणि तिचा निकाल कोणत्या भाषणात नाही, तर पुढच्या वर्षीच्या एका घटनेत आहे: ज्या दोन कंपन्यांनी हे अशक्य म्हटलं होतं, त्या दोघी १८९४ मध्ये याच मार्गावर आपल्या बोटी घेऊन आल्या. १८९८ मध्ये मार्गाचं दक्षिण टोक बर्गेनपर्यंत खाली आलं, पुढे उत्तर टोक किर्केनेसपर्यंत गेलं, आणि १९३६ पासून रोज एक बोट सुटू लागली.

बोटीवर टपालखातंच असे. पत्रं वाटेतच वेगळी करून पुढच्या धक्क्यावर उतरवायची. बरोबर मासे, पिठाची पोती, शिलाई यंत्रं, गुरं, शाळेत निघालेली मुलं, इस्पितळात निघालेले रुग्ण. भोंगा वाजला की गाव धक्क्यावर. रस्ता नाही, रेल्वे नाही; बोट हाच महामार्ग. आजही नॉर्वेत या मार्गाला प्रेमाने 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक एक' म्हणतात.

मग आरामात फिरणारे प्रवासी कधी आले? ते फार लवकर आले. टॉमस कुकच्या कंपनीने १८७५ मध्येच इंग्रज पर्यटकांना उत्तर भूशिरापर्यंत नेलं होतं. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात आपली नौका घेऊन फियोर्डांमध्ये हिंडायचा. विथलाही हे दिसत होतं. १८९६ मध्ये त्याच्या कंपनीने हामरफेस्टहून थेट स्पिट्सबर्गेनपर्यंत उन्हाळी सहलीची बोट सुरू केली आणि तिथल्या ओसाड किनाऱ्यावर एक लाकडी हॉटेलसुद्धा बांधलं. हॉटेल फार काळ चाललं नाही, पण ती जागा आजही 'हॉटेलनेस', म्हणजे हॉटेलचं टोक, याच नावाने ओळखली जाते. टपालवाला आणि सहलवाला हे पहिल्यापासून एकाच बोटीत होते. आज काही लोक म्हणतात की पर्यटकांनी ही सेवा बिघडवली. मला हे पटत नाही. पर्यटकाच्या तिकिटावर गावकऱ्याची बोट काही प्रमाणात चालत आली आहे. तक्रार करायची तर दुसरी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

वाटेतली गावं बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: यातली कितीतरी गावं जळून पुन्हा उभी राहिलेली आहेत. ओलेसुंडमध्ये २३ जानेवारी १९०४ च्या रात्री आग लागली आणि वाऱ्याने लाकडी गाव जवळजवळ पूर्ण नेलं. सुमारे साडेआठशे घरं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं थंडीत उघड्यावर आली, आणि तरीही मृत्यू एकच झाला. फियोर्डांवर प्रेम करणाऱ्या त्या सम्राट विल्हेल्मने मदतीची जहाजं पाठवली. पुढच्या तीनेक वर्षांत गाव दगड-विटांनी बांधलं, त्या काळी नवी असलेल्या वेलबुट्टीदार शैलीत. कळस, मनोरे, फुलापानांच्या कमानी. आज लोक ते बघायला उतरतात. एका आगीमुळे सबंध गाव एकाच काळाचं, एकाच शैलीचं झालं आहे.

लोफोटेनजवळ ट्रोलफियोर्ड आहे. तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद, दोन किलोमीटर आत. उन्हाळ्यात बोट आत शिरून जागच्या जागी वळते आणि सगळे डेकवर धावतात. याच चिंचोळ्या पाण्यात मार्च १८९० मध्ये मोठी हाणामारी झाली होती. आत माशांचा थवा अडकला होता. वाफेच्या बोटीवाल्यांनी तोंड जाळ्यांनी अडवलं आणि आतला मासा आपला म्हणाले. लहान होड्यांमधले कोळी चालून गेले आणि वाट फोडून आत घुसले. या प्रसंगावर योहान बोयेरने पुढे कादंबरीतून लिहिलं. विथचा मार्ग सुरू व्हायच्या फक्त तीन वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे त्याच काळात, त्याच पाण्यात, वाफेचं यंत्र काहींना हिरावून घेणारं वाटत होतं आणि काहींना जोडणारं.

आता युद्धाची गोष्ट. ती आरामाच्या प्रवासात बसत नाही, पण ती गाळून हा इतिहास सांगता येत नाही.

९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. देश जर्मनांच्या ताब्यात गेला. मग बोटी बंद करायच्या का? बंद केल्या तर उत्तरेच्या गावांना धान्य कुठून, औषध कुठून? बोटी चालू राहिल्या. पण जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर चालून गेला आणि हाच किनारा उत्तरेच्या आघाडीकडे जाणारी जर्मन रसद-वाट झाला. मित्रराष्ट्रांच्या पाणबुड्या आणि विमानं या वाटेवर जहाजं शोधू लागली. या बोटींमध्ये जर्मन सैनिकही असत, आणि घरी निघालेली नॉर्वेजियन कुटुंबंही. टॉर्पेडोला दोघांतला फरक कळत नाही.

१३ सप्टेंबर १९४१. त्या एका दिवसात दोन बोटी गेल्या. 'बारोय' ब्रिटिश विमानांच्या टॉर्पेडोने बुडाली. दुसरी बोट 'टायग्रिस' या ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. दोन्ही मिळून दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्या दुसऱ्या बोटीचं नाव होतं 'रिचर्ड विथ'. महिन्याभराने, १७ ऑक्टोबरला, एका सोव्हिएत पाणबुडीने आणखी एक बोट बुडवली; सुमारे साठ माणसं. ती होती 'वेस्टरोलेन'. तीच, १८९३ ची पहिली. ज्याने मार्ग सुरू केला त्याच्या नावाची बोट आणि ज्या बोटीने सुरू झाला ती बोट, दोन्ही पाच आठवड्यांच्या आत गेल्या, आणि दोन्ही शत्रूच्या नव्हे, मित्रपक्षाच्या हातून. विथ १९३० मध्येच वारला होता.

त्यानंतर मोठ्या बोटी त्रोम्सोच्या पुढे जाईनात. तरी सेवा थांबली नाही. त्रोम्सोच्या पुढे लहान मासेमारी बोटींवर टपाल, पोती आणि माणसं चढवली आणि त्या किर्केनेसकडे जात राहिल्या. नॉर्वेत या इतिहासावर बोलताना आजही लोक जरा अवघडतात. मित्रांनी मारलेल्यांचं स्मारक कोणत्या शब्दांत करायचं, हा सोपा प्रश्न नाही.

१९४४ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्य मागे हटू लागलं तेव्हा हिटलरने उत्तरेचा फिनमार्क प्रदेश रिकामा करून जाळण्याचा हुकूम दिला. सुमारे पन्नास हजार माणसांना सक्तीने दक्षिणेला हलवलं. हजारोंनी गुहांमध्ये, उलट्या होड्यांखाली लपून हिवाळा काढला. हामरफेस्टमध्ये दफनभूमीतलं छोटं प्रार्थनागृह तेवढं उभं राहिलं. किर्केनेसच्या जवळ ब्योर्नेवाटनच्या लोखंडाच्या खाणीत सुमारे साडेतीन हजार लोकांनी आसरा घेतला. तिथे बोगद्यात मुलं जन्मली. आज पर्यटकाला ही गावं जरा एकसारखी, साधी, चौकोनी वाटतात. 'इथे जुनं काहीच नाही' असं म्हणतात बिचारे. जुनं काही नाही, कारण युद्धाने ठेवलं नाही.

युद्धानंतर बोटी पुन्हा बांधल्या आणि पुन्हा वेळापत्रक सुरू झालं. अंधार मात्र तोच होता. त्रोनहाइमहून निघालेली 'सांक्त स्विथुन' ही बोट २१ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री फोल्डा नावाच्या उघड्या समुद्रपट्ट्यात भलत्याच दिशेला गेली. खडकावर आपटली; एकेचाळीस माणसं गेली. दिशा का चुकली, हे कधीच कळलं नाही. तोपर्यंत रडार आलं होतं, दीपगृहं पुष्कळ झाली होती. तरी शेवटी प्रश्न विथच्या वहीतलाच होता: कोणत्या टोकापासून, कोणती दिशा, किती मिनिटं.

त्याच १९६२ साली रेल्वे बोडोपर्यंत पोचली. मग रस्ते, पूल, बोगदे, छोटे विमानतळ. टपाल हळूहळू विमानात गेलं आणि १९८० च्या दशकात बोटीवरचं टपालखातं बंद झालं. ज्या कामासाठी बोट निघाली होती तेच काम संपलं. बोट मात्र उरली. सरकार आजही कंत्राट काढतं आणि ठरावीक बंदरांना वर्षभर रोज सेवा देण्यासाठी पैसे देतं. २०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्यांमध्ये विभागलेला आहे.

आणि इथे ती तक्रार. बोटी मोठ्या झाल्या, खोल्या हॉटेलसारख्या झाल्या, जेवणाचे चार-चार कोर्स आले. दोन बंदरांपुरता चढणारा गावकरी बसतो कुठे? तिकीट मिळतं त्याला, आणि हक्काने मिळतं, करारात आहे. पण ती आता त्याची बोट वाटते का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. कोणतं बंदर गाळायचं म्हटलं की गाव पेटून उठतं, मग तिथे रोज दोनच माणसं का चढत असेनात.

एक गोष्ट या वादात विसरून चालणार नाही. जून २०११ मध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने बर्गेन ते किर्केनेस हा अख्खा प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. निवेदन नाही, कथा नाही. बोट, पाणी, किनारा. आपल्यासारख्या बोलबोल करणाऱ्या माणसांच्या पोटावर पाय आणणारा कार्यक्रम! पन्नास लाखांच्या त्या देशात तीस लाखांहून जास्त लोकांनी कधी ना कधी तो लावला. आणि मग लोक घरातून बाहेर पडून किनाऱ्यावर यायला लागले. झेंडे, बँडबाजा, होड्या, पाण्यात उडी मारणारे पोरगे. राणी सोन्यासुद्धा आपल्या नौकेवरून हात हलवताना दिसली. कार्यक्रम बघणारे आणि त्यात दिसणारे एकच झाले. टपाल बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी भोंगा वाजल्यावर गाव धक्क्यावर आलं.

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. आर्क्टिक वृत्त ओलांडताना, म्हणजे साडेसहासष्ट अंशांच्या आसपास, समुद्रदेवाचं सोंग घेतलेला एक खलाशी तुमच्या सदऱ्यात मागून बर्फाचा चमचा ओततो, तयारीत राहा. स्टोकमार्कनेसला १९५६ ची 'फिनमार्केन' ही जुनी बोट जमिनीवर आणून काचेच्या इमारतीत ठेवली आहे, ती वेळ काढून बघा.

आणि वेळापत्रकात रात्रीची बंदरं बघून ठेवा, कारण त्या वेळी जवळजवळ सगळे पर्यटक झोपलेले असतात. उत्तरेला जाताना वार्डो येतं ते भल्या पहाटे. छोटं बेट. सतराव्या शतकात या प्रदेशात ९१ माणसांना चेटूक केल्याच्या आरोपावरून मारलं, त्यांचं स्मारक या बेटावर आहे. पण तेवढं उतरून बघायला वेळच नसतो. बोट थांबते जेमतेम पंधरा मिनिटं. बाजूचं दार उघडतं, एक फोर्कलिफ्ट आत येते, चार-सहा पेट्या उतरतात, दोन चढतात. पिशवी घेतलेली एखादी बाई खाली उतरते, धक्क्यावर एक गाडी दिवे लावून उभी असते. दोर सोडले जातात आणि बोट किर्केनेसकडे लागते.